जवसाचे तेल आणि भावाची गाडी

गाडीखाली हिरवे डबके दिसले तेव्हा सुखदेव मेश्राम यांनी आधी वर पाहिले. मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत खाली जे काही सांडलेले असते ते वरूनच आलेले असते, असा त्यांचा अनुभव होता. कुणाच्या कुंडीचे, कुणाच्या पोछ्याचे, कुणाच्या कूलरचे. पण डिसेंबरात कूलर चालत नाहीत आणि कुंडीचे पाणी इतके पोपटी नसते. मग त्यांनी कमरेची परवानगी घेऊन खाली वाकून पाहिले. गाडीच्या पोटाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला. दुसरा लोंबू लागला. म्हातारे माणूस झोपेत रडते तशी गाडी रडत होती, कुणाला न सांगता.

गाडीला रडायला कारण होते. महिनाअखेर तिला पंधरा वर्षे पुरी होत होती, आणि दिल्लीत पेट्रोलच्या गाडीने पंधरा वर्षांहून अधिक जगू नये असा नियम आहे. नियम कधी ताठ होतो, कधी सैलावतो, पण असतो. सुखदेव स्वतः केंद्र सरकारात उपसंचालक. नियम म्हटले की त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जाई. येत्या मार्चमध्ये ते स्वतःही निवृत्त होणार होते. सरकारने दोघांच्याही तारखा आधीच ठरवून ठेवलेल्या, त्यामुळे दोघांमध्ये अलीकडे एक मुका जिव्हाळा तयार झाला होता.

डबक्याचे दुःख त्यांनी गिळलेही असते. पण रविवारी मोठीबाई येणार होती.

मोठीबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण चंद्रप्रभा. राहते हिंगणघाटजवळच्या खेड्यात. आई लवकर गेली तेव्हा सुखदेवला तिनेच कडेवर घेतले आणि तो दिल्लीला पोचेपर्यंत खाली ठेवले नाही. पंधरा वर्षांपूर्वी गाडी घेतल्याचे त्यांनी फोनवर सांगितले, तेव्हा तिने पलीकडून तिथल्या तिथे ओवी जोडून म्हटली होती:

गाडी घेतली भावानं, तिले चार चार दारं,
पुढच्या दारातून येते माह्या नावाचं वारं.

ओवीतला भाऊ बहिणीला न्यायला गाडी घेऊन येतो. बैलांना झुली असतात, चाकांना घुंगरू असतात, आणि बहीण उंबऱ्यात उभी असते. सुखदेवही दर दसऱ्याच्या आधी फोन करून सांगत, "मोठीबाई, यंदा दीक्षाभूमीला गाडी घेऊनच येतो. तुला गावातून उचलतो, पुढच्या सीटवर बसवतो, थेट नागपूर." मग एका वर्षी अधिवेशन निघे, एका वर्षी मुलीची दहावी, एका वर्षी डेंग्यू. एका वर्षी तर कारणही नव्हते, नुसतेच जमले नाही. मोठीबाई पांढरे लुगडे नेसून गावच्या बायांबरोबर एसटीने नागपूरला जाई आणि परत आल्यावर फोन करी, "झालं बाप्पा दर्शन. तू पुढल्या साली ये."

या वेळी पुढले साल नव्हते. त्यांनी तिला तसे सांगितले.

"गाडी या महिन्यात जाते, मोठीबाई."

"कुठी जाते?"

"सरकार नेतं. मोडून टाकतात."

"चालती गाडी मोडते?"

"हो."

मोठीबाई म्हणाली, "मंग मीच येते. मोडायच्या आधी एक डाव बसून घेते."

असे हे प्रकरण. निजामुद्दीन स्टेशनवरून बहिणीला स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवून घरी आणायचे, एवढेच. हिमालय हलवायचा नव्हता. पण गाडीखाली डबके होते.

पटपडगंज रोडवरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, आत टॉर्च मारला आणि जिभेने च्च केले. "साहब, रेडिएटर के दोनों पाइप गल गए हैं. ऊपर वाला भी, नीचे वाला भी." रबर बोटाने दाबले तर शिळ्या भाकरीसारखे चिरत होते. बदलायला किती वेळ लागेल असे विचारल्यावर तो हसला. "बदलना क्या है साहब? इसी महीने कटने जा रही है. मुर्दे को टॉनिक थोड़े ही पिलाते हैं."

सुखदेवांच्या ते जिव्हारी लागले. गेले काही आठवडे ऑफिसातही त्यांच्या टेबलावर नवी फाइल येत नव्हती. जुना शिपाईसुद्धा चहा ठेवताना "सर, आपका तो अब आराम ही आराम" म्हणे. त्यांनी मेकॅनिकसमोर बॉनेट स्वतःच्या हाताने बंद केले, जोरात, आणि बोट थोडेसे चेमटून घेतले.

घरी क्रांती, म्हणजे त्यांची मुलगी, लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "पप्पा, कॅब बुक करू ना यार. मोठी कॅब करू, आत्या आरामात बसेल."

"अहो, निजामुद्दीन मेट्रोनं एकच तर स्टेशन आहे," त्यांची बायको शीला म्हणाली. "पिंक लाइन. बसायलासुद्धा लागत नाही."

"ओवीत मेट्रो नाही," सुखदेव म्हणाले आणि बोटाला बर्फ लावत बसले.

तिसऱ्या मजल्यावर पद्माकर साठे राहत. मूळचे पुण्याचे, निवृत्त, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूचा व्हिडिओ पाहिलेला असल्याने त्या वस्तूविषयी अधिकारी. ते म्हणाले, "मेश्राम, होज म्हणजे काय हो शेवटी? रबराची नळी. एका टोकाला क्लिप, दुसऱ्या टोकाला क्लिप. मेकॅनिकला कशाला बोलवायचं? मी आहे ना." त्यांनी आजवर एकही होज बदललेला नव्हता, पण ते त्यांनी विचारल्याशिवाय सांगितले नाही, आणि सुखदेवांनी विचारले नाही. जिना उतरताना पायरीपायरीवर आपण किती गोष्टी विचारल्या नाहीत, हे माणसाला तळाशी गेल्यावर कळते.

सुखदेव सुटी टाकून कश्मीरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले. दुकानदाराने गाडीचे मॉडेल ऐकले आणि दिवंगत नातेवाइकाविषयी बोलावे तसे म्हणाला, "अच्छी गाड़ी थी." दोन काळे वाकडे पाइप त्याने वर्तमानपत्रात बांधून दिले. मेट्रोच्या तपासणीत जवानाने पुडके उघडायला लावले.

"यह क्या है?"

"रेडिएटर का पाइप."

"खोलकर दिखाओ."

"यह दोनों तरफ़ से खुला ही है."

जवानाने पाइप डोळ्याला लावला आणि त्यातून सुखदेवांकडे पाहिले. पाइप वाकडा असल्याने त्याला सुखदेव दिसले नाहीत, त्यामुळे संशय वाढला. मागे रांग वाढली. शेवटी ओळखपत्रावरची राजमुद्रा कामी आली. घरी येऊन पाहिले तर खालचा पाइप उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा कश्मीरी गेट, पुन्हा तोच जवान. "फिर आ गए?" तो म्हणाला, आणि या वेळी त्याने पाइपमधून न पाहता सोडले. सुखदेवांना उगीचच बरे वाटले. या शहरात कुणीतरी त्यांना ओळखत होते.

आता फक्त बसवायचे. पण शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरताच सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी मफलर गुंडाळत आले. "मेश्राम साहब, कॉमन एरिया में रिपेयरिंग अलाउड नहीं है. बायलॉज़ में है."

"कौन-सा क्लॉज़?" सुखदेव म्हणाले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर त्यांनी हेच विचारले होते. प्रश्न तोंडातून निघताच त्यांना आपल्याच आवाजाची भीती वाटली.

त्यागीजींनी क्लॉज सांगितला. सुखदेवांनी सांगितले की हे रिपेयरिंग नसून रिप्लेसमेंट आहे, आणि या दोन शब्दांत शासकीय परिभाषेत महदंतर आहे. त्यागीजींनी विचार केला. त्यांनाही सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता, चांगला युक्तिवाद कानावर पडला की ते हळवे होत. शेवटी असे ठरले की शेजारच्या पार्किंगवाल्याने लेखी हरकत नाही म्हणून दिले तर दुपारपर्यंत मुभा.

शेजारचे पार्किंग खुरानाजींचे. त्यांनी कागदावर उभ्या उभ्या सही केली आणि खुर्ची आणून शेजारी बसले. सहीच्या बदल्यात त्यांचा सल्ला ऐकावा लागेल हे त्यांनी कागदावर लिहिले नव्हते, पण दोन्ही पक्षांना ते समजले होते.

मग काम सुरू झाले. कामाविषयी एवढेच म्हणता येईल की ते सुरू झाले. पहिली जुनी क्लिप पकडीत धरून दाबली तशी ती टणकन उडाली आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत गेली. तिथले लोक लखनौला गेले होते. जुना पाइप पंधरा वर्षे रेडिएटरच्या नळीला धरून होता, तो सुटेना. पद्माकर म्हणाले, "गरम पाण्याचा फडका गुंडाळा." खुरानाजी म्हणाले, "चाकू मारो जी, सीधा चीर दो." सुखदेवांच्याने चाकू चालवेना. जो इतकी वर्षे धरून राहिला त्याला शेवटच्या आठवड्यात चिरायचे म्हणजे कसेसेच वाटत होते. त्यांनी फडके गुंडाळले, ओढले, पाय बंपरला लावून ओढले, आणि पाइप सुटला तेव्हा पाइपसकट सतरंजीवर आडवे झाले. हिरवे कूलंट भळाभळा खाली आले. ते धरायला शीलाने माळ्यावरून क्रांतीचा लहानपणचा आंघोळीचा टब काढून दिला होता, गुलाबी, तळाशी हंस काढलेला. हंस हिरव्यात बुडाला.

तेवढ्यात खुराना मॅडम वरून ओरडल्या. हे पाणी गोडसर असते, कुत्रे चाटतात आणि मरतात, असे त्यांनी वाचले होते. ते खरेही होते. सोसायटीतल्या साऱ्या भटक्या कुत्र्यांच्या त्या मानलेल्या आई. त्या शाल पांघरून खाली आल्या, टबाशेजारी वेताचा मोढा टाकून बसल्या आणि दुपारपर्यंत टबावर पहारा देत राहिल्या. येणारा-जाणारा विचारी, "क्या हुआ जी?" आणि त्या म्हणत, "मेश्राम साहब की गाड़ी का ऑपरेशन." लोक आवाज बारीक करून पुढे जात.

नवा पाइप चढेना. थंडीने रबर लाकडासारखे झाले होते. पद्माकरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवला आणि जाहीर केले, "साबणाचं पाणी लावायचं. फक्त साबणाचं पाणी."

"ओ जी, साबुन से क्या होगा?" खुरानाजी म्हणाले. "सरसों का तेल लगाओ. फिर देखो."

पुणे आणि पंजाब यांच्या मध्ये पाइप धरून सुखदेव उभे होते. थंडीने बोटे बधिर, गुडघ्याला ग्रीस, आणि सकाळपासून स्वतःचे असे एकही मत नाही. त्या क्षणी त्यांच्यातला वऱ्हाडी माणूस जागा झाला. ते एक शब्द न बोलता वर गेले आणि ओट्याखालच्या कपाटातून बाटली घेऊन आले. बाटलीच्या तोंडाला पांढरे फडके सुतळीने बांधलेले होते. गाठ मोठीबाईच्या हातची होती.

जवसाचे तेल. मोठीबाई दर हिवाळ्यात तेलघाणीवरून काढून आणी आणि दिल्लीला येणाऱ्या कुणाच्याही हाती एक बाटली धाडी. 'लेकराले ठेच्यावर घ्यायला' म्हणून. पण शीलाला त्या वासाने डोके धरे. मुलांचे तर विचारूच नका. "जवस म्हणजे फ्लॅक्ससीड ना पप्पा? ते तर लोक कॅप्सूलमध्ये घेतात," असे क्रांती म्हणे आणि घेत नसे. एक बाटली थोरल्या मुलाच्या, सुगतच्या, क्रिकेटच्या बॅटला लागली होती, एक दरवाज्यांच्या बिजागऱ्यांना, बाकीच्या कामवालीकडे गेल्या. या वर्षीची अजून फोडली नव्हती.

सुखदेवांनी सुतळी सोडली. तेल हातावर घेतले, नळीला चोळले, पाइपच्या तोंडात आत चोळले, सढळ हाताने, लेकराला न्हाऊ घालताना चोळतात तसे. आणि पाइप चढला. नुसता चढला नाही, लग्नघरात नवरीच्या हातात कासाराने बांगडी सारावी तसा सरकन चढला. खुरानाजी खुर्चीतून उठले. पद्माकर "हं" म्हणाले, आणि पुण्याच्या माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

खालचाही तसाच चढला. सुखदेवांनी नव्या पाइपांबरोबर आणलेल्या क्लिपा आवळल्या. कपाळावरचा घाम तेलकट मनगटाने पुसला. दिल्लीत इतक्या वर्षांत त्यांनी असे काही हाताने केले नव्हते. नोटिंग केले होते, ड्राफ्टिंग केले होते, पण जे बोटाने चाचपून बघता येते असे काही नाही.

मुदत संपल्याचे सांगायला त्यागीजी आले ते याच वेळी. उघडी बाटली सतरंजीच्या काठाशी ठेवलेली होती. त्यागीजींचा बूट तिला लागला, बाटली लवंडली आणि तेल फरशीवर शांतपणे, सोनेरी, पसरत गेले. त्यागीजींनी दुसरे पाऊल त्यावर टाकले. ते पडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. ते सावकाश बसले, जसे अध्यक्ष बसतात. क्षणभराने फरशीवरूनच म्हणाले, "यह बायलॉज़ में नहीं था."

त्यांना उठवण्यात, अंग झटकण्यात, आलं घातलेला चहा पाजण्यात आणि फरशीवर लाकडाचा भुसा टाकण्यात दुपार गेली. रिकामी बाटली शीलाने उचलून ओट्यावर ठेवली. संध्याकाळी नवे कूलंट भरले, इंजिन चालू केले. चौघांनी वाकून खाली पाहिले. एकही थेंब नव्हता. खुराना मॅडमनी टबावरचा पहारा उठवला. सुखदेवांनी जातीने गाडी धुतली, पुढच्या सीटवर नवी चादर घातली, पुढच्या दाराची काच दोनदा वर-खाली करून पाहिली. वारा यायला हवा होता.

रविवारी धुके इतके दाट की समोरची इमारत सोसायटीतून बाहेर पडली असावी असे वाटे. नागपूरहून येणारी गाडी उशिरा धावत होती. सारे प्रवासी आणि त्यांचे नातेवाईक रेल्वेला शिव्या देत असताना एकटे सुखदेव खुशीत होते. त्यांनी दाढी केली, निळा स्वेटर घातला, आणि कालच्या तेलाच्या वासाने गाडीची सीट बिघडेल म्हणून हात तिसऱ्यांदा धुतले. वास जात नव्हता. शीला भाकरीचे पीठ काढत होती. "सावकाश जा," ती म्हणाली, "आणि त्यांना सांगा, जवसाची चटणी केलीय." तीही तिने कित्येक वर्षांनी केली होती, जवस बाजारातून आणून.

पद्माकर तांत्रिक सल्लागार म्हणून मागे बसले. पुढची सीट रिकामी, चादर ताणलेली. धुके विरल्यावर ऊन पडले होते, पेरूसारखे फिकट. गाडी निजामुद्दीन पुलावर चढली आणि थांबली. पुढे जाम होता. खाली यमुना, वर गाड्या, दोन्ही सारख्याच हलत नव्हत्या.

इंजिन उभ्या उभ्या तापत गेले. जो पाण्याचा दाब काल पार्किंगमध्ये आला नव्हता तो आता पाइपांत वाढू लागला. तेल लावलेले रबर नळीवर आधी सुईभर सरकले असेल, मग बोटभर. बांगडीचे हेच असते. जी सरकन चढते ती सरकन उतरते, हे कासार सांगत नाही. बॉनेटखाली फट्ट आवाज झाला आणि वरच्या फटीतून पांढरी वाफ उठली.

"मेश्राम," मागून पद्माकर म्हणाले, "काटा पाहा."

"पाहिला."

"तो लाल रेघेवर आहे."

"हो."

"मग गाडी थांबवायची असते."

त्याच वेळी जाम सुटला. पुढचा रस्ता मोकळा होत गेला. पुलाचे टोक दिसत होते, त्यापलीकडे सराय काले खांच्या बाजूने स्टेशन. आता एवढेसे तर राहिले होते. ज्या माणसाने हयातभर इतरांच्या फायली 'तूर्त थांबावे' असे लिहून थांबवल्या, त्याला आपली गाडी थांबवता आली नाही. "समोरच आहे हो," ते म्हणाले आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला. गाडीने त्यांचे ऐकले. पंधरा वर्षे ऐकत आली होती. पूल ओलांडला, आणि मग आतून जात्यात दगडावर दगड घासावा तसा आवाज आला, एक हिसका बसला आणि सारे शांत झाले. किल्ली फिरवली तर टक् एवढेच.

इंजिन आतून धरले होते, आता ते फिरणार नव्हते. पद्माकरांनी एकदा बॉनेट उघडून पाहिले, बोटाला लागलेले तेल नाकाशी नेले, आणि "साबणाचं पाणी" हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर येऊन परत गेले. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा संयम असावा. ते क्रेनला फोन करायला बाजूला गेले.

फोन वाजला. "जयभीम बाप्पा. मी उतरली. तू कुठी आहेस?"

"जयभीम मोठीबाई. मी इथंच, पुलाच्या टोकाला. तू हलू नको, मी काहीतरी..."

"गाडी आहे तुह्यापाशी?"

"आहे. पण ती..."

"आहे ना? मंग तू नको हलू. मी येते."

थोड्या वेळाने एक ऑटो फुटपाथला लागला. आतून आधी गोणी उतरली, मग पांढरे लुगडे, मग शाल गुंडाळलेली मोठीबाई. ओवीत भाऊ येतो आणि बहीण उंबऱ्यात उभी असते. इथे भाऊ वाफेत उभा होता, निळा स्वेटर घालून, आणि बहीण त्याला न्यायला आली होती.

तिने त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडली. मग गाडीकडे वळली. तिच्याभोवती चालत एक फेरी घातली, प्रत्येक दाराला हात लावत.

"चार आहेत," ती म्हणाली, समाधानाने. "पुढचं कोनतं?"

सुखदेवांनी पुढचे दार उघडले. ती चादरीवर बसली, गुडघे जुळवून, गोणी मांडीवर घेऊन, एसटीत बसतात तशी. ते वळसा घालून स्टिअरिंगपाशी येऊन बसले. दोघे समोर पाहू लागले. समोर रस्ता होता आणि त्यावरून इतरांच्या गाड्या जात होत्या.

"काच खाली होते काय?"

त्यांनी काच खाली केली. यमुनेवरून वारा आला, हिवाळ्यातली यमुना जसा पाठवते तसा. मोठीबाईने नाक न मुरडता तो घेतला. मग थांबली, पुन्हा हुंगली.

"जवसाचा वास येते, सुखदेव."

"माझ्या हाताला आहे."

"सकाळी ठेच्यावर घेतलं असशीन."

ते काही क्षण स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "हो," ते म्हणाले.

मोठीबाई हसली. बाहेर पाहत, ओठातल्या ओठात, ती गुणगुणू लागली. जुनी ओवी तिने म्हटलीच नाही. नवीच जोडली, जशी जागेवर सुचली तशी:

गाडी थांबली भावाची, पूल सरल्याच्या ठायी,
न्यायले आला होता भाऊ, त्याले नेते मोठीबाई.

"बसलो ना बाप्पा आपण," ती म्हणाली. "चालली नाही त काय झालं. चालून बी घरीच गेली असती."

सुखदेवांना सांगायचे होते की ती चालायची, मोठीबाई, फार छान चालायची. मसुरीला गेली, जयपूरला गेली, रोज ऑफिसला जायची. हिंगणघाटपर्यंतही सहज गेली असती. रस्ता होता, गाडी होती, सारे होते. पण हे वाक्य तिथे, त्या सीटवर, तिच्या शेजारी बसून पूर्ण करता येण्यासारखे नव्हते.

क्रेनवाला आला. "अम्मा, उतरिए, गाड़ी उठानी है."

"थोडीशी चलाव ना बाप्पा," मोठीबाई म्हणाली. "मै बैठी है."

"परमिशन नहीं है, अम्मा."

ती उतरली. दार तिने जोरात न आपटता हलकेच लावले, झोपलेल्याच्या खोलीचे लावतात तसे. ते नीट लागले नाही. सुखदेवांनी पुन्हा उघडून लावले. क्रेनने गाडीचे तोंड उचलले आणि ती मागच्या दोन चाकांवर, मुकाट्याने, त्यांच्याकडे पाठ करून गेली. घरी ऑटोतून परतताना मोठीबाई मधे बसली, एका बाजूला पद्माकर, दुसऱ्या बाजूला भाऊ. पुढची सीट ऑटोवाल्याची होती.

घरी क्रांतीने आत्याला मिठी मारली, शीला पाया पडली. मोठीबाई पाणी पिऊन लगेच स्वयंपाकघरात शिरली, बाईमाणूस शिरते तशी. उरलेल्या भाकरी थापायला बसण्याआधी तिची नजर ओट्याकडे गेली. तिथे तिचीच बाटली होती, तळाशी एक सोनेरी थेंब.

"संपली?" ती म्हणाली.

शीलाने सुखदेवांकडे पाहिले. क्रांतीने आईकडे पाहिले. मोठीबाईने बाटली उजेडाकडे धरली, उलटी केली, तो एक थेंब बोटावर घेतला. तिचा चेहरा उजळत गेला.

"दरसाली मले वाटे, धाडते त खरी, पन दिल्लीच्या लेकरायले आवडते का नाही, कोन जाणे. कोनी सांगे नाही, मी बी पुसो नाही." तिने बाटली पदराने पुसून आपल्या गोणीत टाकली. "महिना बी नाही झाला अन् संपवली. आता येत्या साली दोन धाडते."

सुखदेव ताटावर बसले होते. हाताला अजून तो वास येत होता. ताटात जवसाची चटणी होती, कोरडी.

"तीन धाड, मोठीबाई," ते म्हणाले, आणि भाकरीचा घास मोडला.